आधी माइकवर बोल

१९ जानेवारी

राकेशला रक्त हवंय. माझं!!

दुपारी त्याची बायको आकांक्षा आली. दारातच रडायला लागली. त्याचं पोटाचं ऑपरेशन अडलंय. 'ओ' म्हणून बाटल्या आणल्या, एकही जुळेना. परत तपासलं तर बॉम्बे ग्रुप. माझा आहे तोच! शेवटी सख्ख्या काकाचा मुलगा ना.

"ताई, तुमच्याशिवाय कोण आहे हो?"

बघते म्हटलं. चहासुद्धा विचारला नाही. बरं वाटलं.

२० जानेवारी

डोक्यातून जात नाही. चौदा वर्षं झाली. सव्वीस जानेवारी, खाली चाळीचा सत्यनारायण आणि मंडळाचं रक्तदान शिबिर. पहिल्यांदा रक्त दिलं, केवढी मिरवले! नंतर रक्तपेढीचा फोन मंडळाच्या नंबरवर, म्हणजे राकेशला. हा गॅलरीतून ओरडत आला – "मेघे, तुझ्या रक्तात कायतरी आहे, बोलावलंय तुला!" अख्ख्या मजल्याने ऐकलं.

मी गेले. "ग्रुप फार दुर्मीळ आहे, देत राहा," म्हणाले. कार्ड दिलं. पण तोवर परळला अवधूतच्या घरी निरोप पोचलेला – मुलीला रक्ताचा रोग आहे. साखरपुडा झाला होता आमचा! मोडला. कार्ड दाखवायला गेले तर त्याच्या आईने दाराची साखळीसुद्धा काढली नाही. घरी वडील, आमचे अण्णा, अंथरुणाला खिळलेले. त्यांना उठवत-बसवत राहिले. मग ते गेले. मी इथेच.

राकेश तेव्हापासून एकच घोकतोय – "शपथ गं, मी परळला कुणाला काय बोललो नाय." खोटारडा मेला.

२१ जानेवारी

आई म्हणते, "रक्त दी गो बाय, हट्ट करू नको." तिला राकेशचा एवढा पुळका कधीपासून?

२२ जानेवारी

हॉस्पिटलात गेले. पांढराफटक पडलाय. म्हटलं, सव्वीसला पूजा आहे. सगळ्या चाळीसमोर माइकवर कबूल कर, मग देते.

"मी नव्हतो गं, मेघे."

"मग राहू दे."

आकांक्षाने पाय धरले. सोडवून घेतले. माझ्यासाठी कुणी कुणाचे धरले होते तेव्हा?

२४ जानेवारी

रक्तपेढीतून फोन. दुसरा एक दाता आहे, त्याने गेल्याच महिन्यात दिलंय. "मॅडम, तुम्ही तर कधी नाही म्हणत नाही!"

खरंय. रे रोडच्या वखारीतला माणूस, कुठली कुठली बाळंतीण – ओळख ना पाळख, हातातलं काम टाकून धावले. आमच्यासारख्यांना दुसऱ्या कुणाचं चालतच नाही, पेढी भरलेली असली तरी. उद्या मी तशी पडले तर? म्हणून जाते. पण त्यांनी माझा होऊ घातलेला संसार मोडला नव्हता. याने मोडलाय. तळमळू दे!

२६ जानेवारी

बोलला!!

मंडळाच्या दत्तारामने हॉस्पिटलात फोन लावला आणि मोबाईल माइकला धरला. हळदीकुंकवाच्या बायका ताटं घेऊन तशाच उभ्या. "मी राकेश. मेघनाबद्दल परळला खोटं मीच सांगितलं. तिचं रक्त चांगलं आहे. चुकलं माझं." आवाज एवढासा, पण भोंग्यातून पार डिलाईल रोडपर्यंत गेला असेल.

प्रसाद दोनदा मागून खाल्ला. तिथून तडक रक्तपेढीत. पिशवी भरताना हसू येत होतं.

आई काही खाली आली नाही.

२७ जानेवारी

ऑपरेशन झालं. राकेश वाचला. आईला सांगितलं – कबूल केलं की नाही शेवटी!

भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "तो नव्हतो. मियाच सांगलंय अवधूतच्या आवशीक. तू गेलं असतंस तर अण्णांका कोण बघतलो होतो?"

म्हणजे आईनेच. राकेश जिवासाठी खोटं बोलला. मी बोलायला लावलं.

आईचं ताट वाढलेलं होतं. उचललं आणि मोरीत ओतलं.