पावतीवरचं कारण

मंगळवार, संध्याकाळ

वकीलसाहेबांकडून आज उरलेली फी परत आणली. नोटीस पोस्टात टाकायच्या आधीच दादा वारला. साहेब म्हणाले, "ताई, काम झालंच न्हाई, मंग पूर्ण फी कशी ठेवू?" पैशासोबत नोटिशीचं पाकीटही दिलं. त्यावर दादाचं नाव, आधी श्री., खाली जाफराबाद.

वावरातल्या हिश्श्यासाठी सख्ख्या भावावर केस करायला निघाल्ते मी. त्याला कळलं न्हाई हे बरं झालं, का... वहिनी सांगत होती, भाऊबीजेला तो अंधार पडेपर्यंत ओसरीवर बसून होता. मी मुद्दाम गेले न्हाई.

पाकीट पिशवीतच आहे. फोडवत न्हाई, टाकवतही न्हाई.

पावतीवर फी परत घ्यायचं कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, आपसात मिटलं.