उन्हाळ्यात चार पॉइंट कमी

मामा, मी तुमचं नाव खराब केलं, आणि तेही चाळीस-पंचेचाळीस गाडीवाल्यांसमोर. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. सुनेनं सासऱ्याला पत्र लिहायची आपल्याकडे तुम्ही असतानाही रीत नव्हती, मग आता तर विचारायलाच नको. पण आज रविवार आहे, जेवणं उरकली आहेत, तुमचा मुलगा पंख्याखाली आडवा झाला आहे आणि मला हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही रागवाल, दोन शब्द बोलाल आणि मग चहा टाक म्हणाल. ते मला चालेल.

तुम्ही गेलात तेव्हा तुमच्याकडे बटणांचा फोन होता, म्हणून आधी समजावून सांगते. जुळे सोलापुरात आम्हा गाडीवाल्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. गाडीची बारीकसारीक कामं घरच्या घरी करणाऱ्यांचा. कुणी वायपर बदलला की फोटो टाकतो, कुणी दाराची खडखड कशी थांबवली ते लिहितो, कुणी मागच्या काचेला पडदा शिवतो आणि तो किती छान झालाय हे आम्ही म्हणेपर्यंत फोटो टाकत राहतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी सगळे मोकळ्या प्लॉटवर कडुनिंबाखाली गाड्या लावतात, बॉनेट उघडतात आणि एकमेकांच्या गाड्यांना नावं ठेवतात. आमच्यातल्या एका बँकेतल्या साहेबांनी हौसेनं रुंद टायर आणि चकचकीत अलॉय बसवले. गाडी दिसायला लागली नवरदेवासारखी, पण स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासतात. साहेब म्हणतात, "पूर्ण वळवायचंच नाही, त्यात काय." त्यामुळे त्यांना आमच्या गल्लीत वळायला तीनदा मागंपुढं करावं लागतं. तुम्ही असता तर या मंडळींत रमला असता, आणि दुपारी घरी बायकोची, आमच्या आत्यांची, बोलणी खाल्ली असती.

या ग्रुपात मी मोठी शहाणी आहे, मामा. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरं-हिरवं क्षाराचं फूल धरलं तर खायचा सोडा टाकून गरम पाणी ओतायचं, पुसायचं आणि वर व्हॅसलीन लावायचं, हे मी लिहिलं. खडखडणाऱ्या दाराला सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून लावायचा, हे मी लिहिलं. दुपारी गाडी उन्हात लावायची वेळ आली तर डॅशबोर्डवर जुनी सोलापुरी चादर पसरायची, हेही मीच. लोक शाबासकीचे अंगठे पाठवतात, 'मॅडम, कमाल' म्हणतात. आता तुम्ही विचाराल, की ह्यातलं तुझं काय? काहीच नाही. सगळं तुमचं. पण 'माझ्या सासऱ्यांनी शिकवलं' असं मी एकदाही लिहिलं नाही. आधी वाटलं, पुढच्या वेळी लिहू. मग इतके अंगठे आले की लिहायची सोयच राहिली नाही.

मी जेऊरची. माहेरी बैलगाडी होती, एक म्हैस होती आणि चारचाकी दिसायची ती लग्नसराईत. तुम्ही तीस वर्षं सरकारी जीप चालवून निवृत्त झालात आणि जुनी पांढरी गाडी घेतलीत, तेव्हा मी या घरात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. मे महिना आहे. आपण वळसंगला तुमच्या भावाकडे निघालोय. आत्या मागं आंब्याची पाटी मांडीवर घेऊन बसल्यात, तुमचा मुलगा त्यांच्या शेजारी झोपलाय, मी पुढं. मध्येच गाडी एका अंगाला ओढायला लागते. तुम्ही उतरता, चाक बघता आणि म्हणता, "बाभळीचा काटा. ह्या रस्त्याला दुसरं हाय काय." मग तुम्ही झोपलेल्या मुलाकडे बघता, माझ्याकडे बघता, आणि मला म्हणता, "उतर खाली. शिकून घे."

मी डिकीतून स्टेपनी काढते, पाना काढते, जॅक लावते आणि फिरवायला सुरुवात करते. मला वाटतं, आता शाबासकी मिळणार. तुम्ही हात मागं बांधून उभे. "दगड कुटं हाय?" मी म्हणते, कसला दगड? "चाकामागं दगड लावल्याबिगर जॅकला हात लावायचा न्हाय. गाडी म्हंजी तुज्या म्हायेरची म्हस हाय व्हय, हाक मारली की थांबाय?" मागून आत्या हसतात. मला रडू येतं, पण हात काळे झालेत, डोळे पुसायचे कशानं? तुम्ही डिकीतून चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला एक काळा दगड आणता, चाकामागं लावता आणि मग काहीच झालं नाही अशा आवाजात सांगता, की एक नट आवळला की शेजारचा आवळायचा नाही, समोरचा आवळायचा. त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या प्रत्येक उन्हाळ्यात एकदा तरी मी त्या रस्त्यावर स्टेपनी बदलली. दर मे महिन्यात. प्रत्येक वेळी तुम्ही बाभळीला दोष दिलात आणि मला एक नवीन गोष्ट शिकवलीत. तिसऱ्या वर्षी मी म्हणाले, मला चालवायलाही शिकायचंय. तुम्ही ताटावरून मान न उचलता म्हणालात, "शिक की. म्या काय जल्मभर हाय व्हय चालवाय?"

आणि ती टायरमधल्या हवेच्या चार पॉइंटची गोष्ट. मी चुलीपुढे नव्हते, गॅसपुढेच होते, पण भाकरी ज्वारीचीच. तुम्ही पाणी प्यायला स्वयंपाकघरात आलात आणि माझी भाकरी टम्म फुगलेली बघून थांबलात. "बगितलं का? हवा तापली की फुगती. टायरचं बी आसंच. म्हणून उन्हाळ्यात चार पॉइंट कमी ठिवायची. फुगाय जागा ऱ्हाती. ध्यानात ठेव." आत्या म्हणाल्या, "भाकरी करपंल तिची. टायर ठिवा तुमचं भाईर." भाकरी करपलीच, ती तुम्हीच खाल्लीत. मला लायसन मिळालं त्या दिवशी सगळ्यांना वाटलं तुम्ही साडी घ्याल. तुम्ही खिशातून तुमचं हवा मोजायचं गेज काढलंत, पेनाएवढं, पितळी, जीप चालवतानापासून जवळ असलेलं, आणि माझ्या हातात ठेवलंत. "पंपावरच्या पोराच्या भरवशावर ऱ्हायचं न्हाय," एवढंच म्हणालात. माझ्या आईवडिलांनी मला पुष्कळ दिलं, मामा, पण मी काही करू शकेन असं धरून चालणारे तुम्ही पहिले होतात. तुमच्यासमोर हे म्हणायला मला जमलं नाही.

आता माझा पराक्रम ऐका. या एप्रिलमध्ये ऊन असं पडलं की ग्रुपवर सगळ्यांचा एकच प्रश्न, हवा किती ठेवायची? मी लगेच लिहिलं: उन्हाळ्यात चार पॉइंट कमी, माझा वर्षानुवर्षांचा अनुभव. भाकरीचं उदाहरणसुद्धा दिलं. अंगठ्यांची रांग लागली. बँकेतल्या साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवून चारी टायरांची हवा उतरवली, घरची पाच माणसं आणि सामान घेतलं आणि तुळजापूरला निघाले. भर दुपारी मागचा टायर फाटला. गाडी हळू होती, कुणाला खरचटलंही नाही, हे आधीच सांगते. पण साहेबांनी बेचाळीस डिग्रीत डांबरावर बसून स्टेपनी बदलली आणि त्यांच्या बायकोनं त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. तो फोटो त्यांच्या मुलीनं ग्रुपवर टाकला. खाली साहेबांनी शांतपणे लिहिलं, की टायरवाल्यानं सांगितलं, हवा कमी असली की टायर जास्त दबतो, जास्त लवतो आणि त्यानंच जास्त तापतो. उन्हाळ्यात हवा कंपनीनं सांगितली तेवढीच ठेवायची, तीही सकाळी टायर गार असताना बघून.

सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. आणि मी काय लिहिलं असेल? मी लिहिलं, 'माझे सासरे असं सांगायचे. जुन्या लोकांचं असंच असतं.' पाठवलं, आणि मग ते वाचलं. चांगलं तेवढं माझं, आणि बिघडलं ते तुमचं. तुमचा त्या ग्रुपवर पहिल्यांदा उल्लेख झाला तो असा. दोन दिवस मला भाकरी गोड लागली नाही. तुमच्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "एवढं काय, अण्णा थोडेच वाचणार आहेत?" बॉनेट कुठून उघडतं हे तो अजूनही मला विचारतो, त्याच्याकडून जास्त अपेक्षा नव्हती.

म्हणून आज सकाळी कडुनिंबाखाली गेले आणि सरळ उभी राहिले. म्हणाले, चूक माझी आहे, खात्री न करता सल्ला मी दिला. आणि आजवर मी जे जे सांगितलं, सोडा, ट्यूब, चादर, ते सगळं माझ्या सासऱ्यांचं. त्यांनीच मला दगडापासून शिकवलं. मग हाताला काम म्हणून पर्समधून तुमचं गेज काढून दाखवलं. सुट्या भागांचं दुकान असलेले एक चाचा आमच्यात आहेत, जुन्या वस्तूंचे शौकीन. त्यांनी ते गेज हातात घेतलं, फुंकर मारली, पुसलं आणि साहेबांच्या टायरला लावलं. मग साहेबांचं नवं डिजिटल गेज लावलं. मग पुन्हा तुमचं. तिसऱ्यांदा लावल्यावर चाचा हसायला लागले. "मॅडम, ये तो पूरे चार पॉइंट कम बतारा."

सगळे जवळ आले. साहेबांनी स्वतः लावून बघितलं. तुमच्या गेजवर अठ्ठावीस, त्यांच्यावर बत्तीस. साहेब बँकेतले, हिशेब त्यांच्या लगेच लक्षात आला. "म्हणजे तुमचे सासरे अठ्ठावीस समजून बत्तीस ठेवत होते. बरोब्बर कंपनीच्या आकड्याइतकी!" चाचा म्हणाले, "दो गलत मिलके सही हो गए ना." असे हसले सगळे, मामा, की शेजारच्या बंगल्यातल्या बाई गॅलरीत आल्या. एकानं विचारलं, मग हिवाळ्यात? मी म्हणाले, हिवाळ्यात ते गाडी फारशी काढायचे नाहीत. हे माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही, तुम्ही तर हुरड्याच्या दिवसांत दर रविवारी वळसंगला जायचात. साहेबांनी तिथल्या तिथं ग्रुपवर लिहिलं, 'मॅडमचे सासरे निर्दोष. मात्र हवा कुणीही कमी करू नये.' आणि पुढच्या महिन्यापासून चाकामागं दगड लावल्याशिवाय जॅकला हात लावायचा नाही, असा ठरावच झाला. चाचांनी त्या दगडाला तुमचं नाव द्यायचं म्हटलं. सासऱ्याचं नाव दगडाला नको, असं सांगून मी ते थांबवलं.

मी खुशीत घरी आले, भाकऱ्या केल्या, आणि पहिली फुगली तेव्हा हात थांबला. ते गेज माझ्या हातून पडलं होतं, मामा. तुम्ही गेल्यावर चार वर्षांनी, आपल्या पार्किंगमधल्या शहाबादी फरशीवर, चांगलं छातीच्या उंचीवरून. टोकाला पोचा आला आहे, मी त्यावर बोट ठेवूनच ते चाचांना दिलं होतं. पडलं त्या दिवसापासूनच ते चार पॉइंट कमी दाखवत असणार, आणि त्याच दिवसापासून माझ्या गाडीला एका उन्हाळ्यातही स्टेपनी लागलेली नाही, म्हणून तर मी अनुभव म्हणून छातीठोक सांगत होते. आणि त्याआधी, तुमच्या हातात ते धड होतं तेव्हा, दर मे महिन्यात वळसंगच्या रस्त्यावर बाभळीचा काटा लागायचा. फक्त मे महिन्यातच.

बिचाऱ्या बाभळी. पण खरं सांगू का, मला तुमच्या चुकीचा राग येत नाही. तुम्ही हवा बरोबर ठेवली असती तर त्या दुपारी गाडी थांबली नसती, तुम्ही मला 'उतर खाली' म्हणाला नसता, आणि मी आज आत्यांसारखी मागच्या सीटवर आंब्याची पाटी घेऊन बसलेली असते. हे पत्र मी गेजबरोबर गाडीच्या पुढच्या खणात ठेवणार आहे. पोच्याचं मी ग्रुपवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.