चौथ्या प्रकरणाचे स्थलांतर

३ तारीख, सोमवार, सकाळी ९
प्रबंधाचे चौथे प्रकरण शनिवारी मार्गदर्शक बाईंना द्यायचे आहे. पहिली तीन त्यांनी पाहिली आहेत. चौथेही पूर्णच आहे, म्हणजे डोक्यात. केवळ उतरवणे बाकी. परंतु आज कॉम्प्युटरने कळवले की सी ड्राइव्ह भरला आहे. अशा दाटीवाटीत विचार कसा स्थिरावेल? माझे सर्व फोल्डर डी ड्राइव्हवर हलवीन. दीड तास. दुपारपासून लेखन.

सोमवार, दुपारी ४
वहिनी शाळेत कॉम्प्युटर शिकवतात. म्हणाल्या, दोन मिनिटांचं काम आहे, करून देऊ का. नम्रपणे नकार दिला. दहावीला बोर्डात आलेल्या मुलीने फोल्डर दुसऱ्याकडून हलवून घेणे शोभत नाही. कृती वहीत उतरवली: धोके लाल शाईत, पायऱ्या निळ्या. अपवादांसाठी हिरवी आणावी लागेल.

४ तारीख, मंगळवार
हिरवी शाई आणली. फोल्डरांची नावे निश्चित केली: 'संदर्भ', 'संदर्भांचे संदर्भ', 'संकीर्ण'. बहुतेक सर्व फायली संकीर्णात बसल्या. लेखन झाले नाही. पण पायाआधी कळस कोण चढवतो?

५ तारीख, बुधवार
स्थलांतर झाले. डी ड्राइव्हमध्ये आधी वेगळे फोल्डर करायचे होते. ती पायरी वहीत इतक्या सुवाच्य अक्षरात होती की ती केलीच आहे असे मला वाटले. आता अख्खा डी ड्राइव्हच 'डॉक्युमेंट्स' झाला आहे आणि माझ्या फायलींत बाबांच्या बाल्कनीतल्या टोमॅटोंचे सहाशे फोटो मिसळले आहेत. बाबांनी विचारले, माझा डी कुठे गेला. मी म्हटले, तिथेच आहे, नुसतं नाव बदललंय. म्हणजे माझे टोमॅटो सासरी गेले म्हणायचे, असे बोलून ते चष्मा शोधू लागले.
उद्यापासून लेखन.

६ तारीख, गुरुवार, सकाळी ११
बाबांनी मला मदत म्हणून टोमॅटो वगळता जे जे अनोळखी वाटले ते पुसले. रिसायकल बिनही रिकामा केला. अर्धवट स्वच्छता त्यांना खपत नाही. चौथे प्रकरण गेले. अर्धा तास रडले. त्यानंतर मन विलक्षण हलके वाटू लागले. हेही दुःखाचेच एक रूप असावे.

गुरुवार, दुपारी १.३०
बाईंना फोन करण्याचे धैर्य नाही. मेल पाठवला: चाळीस पृष्ठांचे प्रकरण तांत्रिक अपघातात नष्ट झाले. पृष्ठे चाळीसच योजली होती. तेव्हा हे असत्य नव्हे. दहा मिनिटांत उत्तर आले. फार वाईट वाटलं बाळ, पंधरा दिवस घे. तीन वर्षांत त्यांनी मला प्रथमच बाळ म्हटले. मेल चारदा वाचला.

७ तारीख, शुक्रवार
वहिनींनी रजा टाकली आहे. पुसलेल्या फायली परत आणणारे काहीतरी त्या सकाळपासून चालवत आहेत. बाबा अपराध्यासारखे त्यांना चहा नेऊन देतात. गेले ते गेले, असे मी वहिनींना तीनदा सुचवले. त्या म्हणाल्या, एवढं मोठं मन करू नकोस, चाळीस पानं आहेत ती, चाळीस. जेवण गेले नाही. खोलीभर फेऱ्या मारल्या. हिरवी शाई सांडली.

८ तारीख, शनिवार, सकाळी ११
फाइल सापडली. मी अंघोळीला गेले असता वहिनींनी ती न उघडताच माझ्याच मेलवरून बाईंना पाठवूनही दिली. शनिवार चुकू दिला नाही हो तुझा, म्हणाल्या. बाबांनी डोळे पुसले. मला आभार मानावे लागले.

११.२०
फाइल उघडली. वर शीर्षक, ठळक अक्षरात. खाली: 'प्रस्तुत प्रकरणात आपण पाहणार आहोत की'.

१२.०५
बाईंचे उत्तर. वाचून झालं. उरलेली एकोणचाळीस पानं सोमवारी घेऊन ये.
शेवटी कुठे बाळ लिहिले आहे का, म्हणून मेल अगदी खालपर्यंत सरकवून पाहिला.