राणीवर डाळिंबी

आत्याबाई, गेलेल्या सासूला कुणी पत्र लिहीत नाही हे मला कळतं. पण जे सांगायचं आहे ते ऐकेल असं दुसरं माणूस घरात उरलेलं नाही. मुलाला सांगितलं तर तो बायकोला सांगेल, आणि बोलायचं आहे ते तिच्याबद्दलच. मला माझ्या सुनेचा हेवा वाटतो. आधी तिच्या डोळ्यांचा वाटायचा, आता सगळ्याचाच वाटतो. आणि राग मानू नका, थोडा तुमचाही वाटतो. चार ओळी लिहिल्या की डोळे मिटून बसते, मग पुढं लिहिते, तेव्हा कुठं तुटक वाटलं तर समजून घ्या.

झालं असं की दुपारी जेवायच्या वेळी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं. तुमच्या वेळी फळ्या होत्या, त्या काढताना बोटं चेमटायची, पण डोकं शाबूत राहायचं. आत फोन वाजला म्हणून मी वाकून शिरले आणि पुरती आत जायच्या आधीच घाईत सरळ उभी झाले. शटरची कड टाळूवर बसली, मी मागं ओट्यावर पडले आणि डोकं पुन्हा आपटलं. रक्ताचा थेंबही नाही. सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, डोक्याचा फोटो काढला, तो चांगला आला. मुका मार आहे, मेंदूला हिसका बसलाय, आराम करा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आराम केला. पण उठून कामाला लागले तर जवळचं जे पाहावं त्याचे दोन दिसायचे. सुईची दोन टोकं, कपातल्या चहाला दोन काठ. ट्यूबलाइट लावला की कपाळात कळ, आणि रॅकमध्ये रांगेनं लावलेले ब्लाउजपीस पाहिले की बसमध्ये होते तशी मळमळ. पुन्हा सावंगी. बाईंनी समजावलं की दोन्ही डोळे चांगले आहेत, फक्त ते मिळून एका जागी ठरत नाहीत, सवयीनं येईल, वेळ लागेल. उजेड सोसत नाही म्हणून तपकिरी काचांचा चष्मा दिला आणि घरी करायचा व्यायाम शिकवला. पण गल्लीत कुणाला पटेल तर ना. 'तुमाले तं काईच झालेलं दिसत नाई,' असं म्हणून बायका पुढं जातात. शेजारणीचा पाय मोडला तेव्हा सारं अल्लीपूर तिच्या प्लास्टरकडे पाहून हळहळलं. मला त्या प्लास्टरचासुद्धा हेवा वाटला, आता बोला.

आपल्या मॅचिंग सेंटरची रीत तुम्हीच घालून दिलेली. ट्यूबलाइटखाली रंग ठरवायचा नाही. साडी घेऊन बाहेर ओट्यावर यायचं, ब्लाउजचा पीस तिच्यावर टाकायचा आणि उन्हाच्या उजेडात पाहायचं. मी नवी होते, पीस टाकला की आधी गिऱ्हाइकाचा चेहरा पाहायचे, आवडलं की नाही म्हणून. एकदा चार बायकांसमोर तुम्ही मला झापलं होतं. 'तिच्या तोंडाकडं काऊन पाहून राह्यली? कपड्याकडं पाह्य.' मी आत जाऊन रडले आणि त्या दिवशी जेवले नाही. त्याच वर्षी दिवाळीला तुम्ही तुमची कात्री माझ्या हातात दिलीत आणि गादीवर जरा सरकून बसलात. मी अजून ती सरकलेली जागा पाहते आहे, पांढऱ्या खोळीवर तुमच्या बसण्याची सुरकुती, आणि तिच्या शेजारी मी, अंग चोरून बसलेली. मोतीबिंदू काढल्यावर तर चिंतामणी आणि मोरपंखी या रंगांतला फरक तुम्हाला माझ्या आधी कळायचा. शेवटच्या दिवसापर्यंत दुकानात बसलात. घरी आलात, चहा मागितलात, आणि चहा उकळेपर्यंत गेलात. लोक म्हणाले पुण्यवान बाई. तुम्हाला गादीवरून उठा म्हणायची वेळ कुणावर आली नाही, एवढंच मला दिसतं, आणि तेच मला सोसत नाही.

आता त्या गादीवर सून बसते. हिंगणघाटची पोर, कॉलेज शिकलेली, पण कपड्यात हात असा की मी शिकवायला काही शिल्लकच नव्हतं. ती पीस शोधत नाही, सरळ जाऊन काढते. बायका तिला लहान बाई म्हणतात. मी काउंटरला उभी असले तरी माझ्या खांद्यावरून आत पाहतात आणि विचारतात, 'लहान बाई कुठं हाये?' एकदा ती जेवत असताना शाळेतल्या गुरुजींच्या घरची बाई आली. मुलीच्या लग्नाची राणी रंगाची साडी फॉल-पिकोला टाकून गेली आणि म्हणाली, ब्लाउजचा पीसही काढून ठेवा. मला फार दिवसांनी कुणी काम सांगितलं होतं. सुनेला हाक मारली नाही. साडी घेऊन ओट्यावर गेले, तुम्ही शिकवलं तश्शी. ऊन डोळ्यांत घुसत होतं म्हणून चष्मा तेवढा ठेवला. त्या तपकिरी काचांमागं राणी आणि डाळिंबी सख्ख्या बहिणी दिसतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी डाळिंबी पीस काढला, मापानं कापला, घडी घालून साडीत ठेवला, आणि त्या दिवशी पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी ती बाई आली ती पिशवी आपटतच. गादीवर सून होती, मी कोपऱ्यात स्टुलावर. 'लहान बाई, हे काय देलं मले? राणीवर डाळिंबी?' सुनेनं पीस उघडला, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, 'माह्याच हातून चुकलं काकू. बसा, दुसरा काढून देते.' बाई काही थांबेना. 'तुह्या सासूच्या हातून असं कधी नाई झालं.' सून मान खाली घालून ऐकत राहिली. मी चष्मा काढून पदरानं पुसत बसले. आत्याबाई, मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण त्याच्या आधी राग आला. नजर हिची, गादी हिची, आणि वरून मोठं मनही हिचंच. माझ्यासाठी काहीतरी ठेवायचं होतं. मी तिच्या जागी असते तर तुमचं नाव सांगून मोकळी झाले असते, हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि हेच जास्त टोचतं.

डॉक्टरीणबाईंनी दिलेला व्यायाम असा, की दोरीत मणी ओवायचे, एक टोक नाकाशी धरायचं, दुसरं समोर बांधायचं, आणि एकेका मण्यावर नजर ठरवायची. मी दुकानातली बटणं ओवली. दुसरं टोक खिडकीच्या गजाला बांधत होते तर ती म्हणाली, 'गजाले काऊन बांधता? मी हाये न.' तेव्हापासून रोज सकाळी, कणीक मळून झाली की, ती स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी राहते आणि पिठाच्या बोटांनी दोरी ताणून धरते. सुरुवातीला बटणाचे दोन व्हायचे आणि टोकाला तीही दोन दिसायची. एक सून सोसवत नव्हती आणि देवानं दोन उभ्या केल्या, दोघीही काळजीनं माझ्याकडं पाहणाऱ्या. 'आता किती दिसून राह्यलं?' ती विचारते. 'दोन,' मी सांगते. 'होईल न बरं. तुम्ही बऱ्या झाल्या का मले सुट्टी, मग गादी तुमची तुम्ही सांभाळा.' हे ती खरंच मनापासून म्हणते. उठायला सांगितलं तर हसत उठेल.

गेल्या सोमवारी अगदी नाकाजवळचं बटणसुद्धा एकच दिसलं. मान वर केली तर तीही एकच होती, कपाळाला पीठ लागलेलं. तिनं विचारलं, आणि मी म्हटलं, दोन. का म्हटलं ते तुम्हालाच सांगते. आज बायका तिला बोलावतात तेव्हा मी मुक्या माराला दोष देते आणि गप्प बसते. उद्या दोन्ही डोळे जागेवर आलेले असताना, मी गादीवर बसलेली असताना, त्यांनी पुन्हा लहान बाई कुठं म्हणून विचारलं, तर मी दोष कशाला देऊ? हा कागद मी फाडणार आहे, कारण तो वाचेल अशी घरात तीच एक. सकाळी ती दोरी धरून उभी राहील. अजून काही दिवस मी दोनच सांगणार आहे.