विहारातल्या फळ्यावरचा 'फेअर'

कारधा

प्रिय दीपमाला,

सप्रेम जय भीम.

तू नाकाडोंगरीच्या शाळेत रुजू होऊन महिना झाला, पण बायांच्या इंग्रजी वर्गातला तुझा शेवटचा धडा विहारातल्या फळ्यावरून अजून कोणी पुसलेला नाही. वर 'फेअर' आणि खाली चार अर्थ: जत्रा, रास्त, गोरा, पक्की वही. त्या दिवशी मी मागे सतरंज्यांच्या घड्या घालत ऐकत होतो. शकुंतलाबाईंनी तुला अडवलंच, "कावं मास्तरीन, एका शब्दाले एवढे अर्थ कायले? इंग्रजाकडचे शब्द सरले होते का?" मला वाटलं, आता ही पुस्तक उघडेल. तू उलट विचारलंस, "काकू, आपल्या गावात कैलाश किती?" त्या म्हणाल्या, तीन. तू म्हणालीस, "दोघं एका भाऊकीचे, तिसरा बाहेरून आलेला घरजावई. मंग कोनता कैलाश, ते कसं समजते?" "कोनाच्या ओट्यावर बसला ते पाहून!" "झालं तर. शब्दालेही तसंच ओळखाचं." त्यावर शकुंतलाबाई म्हणाल्या, "पन आमचे तिन्ही कैलाश बिनकामाचे!" सगळ्या बाया हसल्या, मीही हसलो. आमचे गुरुजी अर्थ पाठ करून घ्यायचे, चुकलं की छडी. इंग्रजीला घाबरूनच मी मोठा झालो. माझ्या मुलीने गावातल्या बायांची ती भीती हसत हसत काढली.

तुझी आई आता भंडाऱ्याच्या दवाखान्यात मला हाताला धरून नेते आणि दारावरच्या इंग्रजी पाट्या मोठ्याने वाचते. तिने वाचून मला अडवावं म्हणून मी मुद्दामच चुकीच्या दाराकडे वळतो.

आता जे फोनवर सांगायला जमलं नाही ते. तू गेल्यावर केवळराममामा पवनीच्या स्थळासाठी तुझा बायोडाटा टाईप करून घेऊन आला. रंगापुढे त्याने 'फेअर' लिहिलं होतं. तू माझ्यासारखी सावळी. मी त्या ओळीवर बोट ठेवलं, तर तो म्हणाला, "भाऊजी, सारेच लिवतेत." मी ती ओळ तशीच राहू दिली. तुला न विचारता कागद जाऊ दिला. त्यानंतर चार रविवार वंदनेत खोटं न बोलण्याचं शील आलं, की माझा आवाज निघेना. नुसते ओठ हलवले.

काल मी मुलाच्या वडिलांना फोन केला. ती ओळ खोटी आहे, मुलगी सावळी आहे, आणि तिला यातलं काही माहीत नाही, असं सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. येत्या रविवारी घर पाहायला येणार होते; आता येतील की नाही, सांगता येत नाही. केवळराम रागाने जेवायलाही थांबला नाही. तू रागावलीस तर ऐकून घेईन. स्थळ राहो की जावो, सुट्टीत तू घरी आलीस, की तुझ्या तोंडाकडे पाहून बोलता यावं, एवढ्यासाठी हे पत्र.

तुझाच,
बाबा