खडकाला लावलेला कान

सर, कॉलेजच्या सहलीत तुम्ही माझा कान धरून रत्नागिरीच्या खडकाला लावलात, तिथंच माझं सगळं बदललं. ओहोटी होती. खडकभर पांढरी, टोकदार कवचं चिकटलेली, बार्नेकल. आधी काहीच नाही, मग बारीक चुरचुर. "ऐकू येतंय? दारं लावून घ्यायलेत. जित्ती हाईत ती, लेका!" पलीकडं माझ्याच वर्गातली तीही कान लावून पालथी पडली होती. माझ्याकडं बघून हसली. तेव्हापासून तुम्ही दोघं माझ्या मानगुटीवर आहात.

तिला द्यायला मी बार्नेकलांसकट एक दगड बादलीतनं कोल्हापूरला आणला आणि नळाच्या पाण्यात मूठभर मीठ टाकलं. दारं उघडलीच नाहीत, वास तेवढा सुटला. तुम्ही वर्गासमोर झाडलंत, "समुद्र म्हंजे काय मिसळीचा कट हाय व्हय, मीठ घातलं की झाला?" मग जवळ बसवून सांगितलंत. बार्नेकलचं पिल्लू पोहत असतं. शेवटी शेवटी खायचंही थांबतं, अंगातल्या साठ्यावर जागा चाचपत हिंडतं. आपल्यातलं कुणी बसलंय तिथं डोकं टेकवून चिकटतं, ते कायमचं. पुढं जन्मभर पायांनी पाणी ढवळून खातं. "शेजारी लांब पडला तर जोडी जमत न्हाई, वंश बुडाला. आणि लई हिंडला, तर साठा संपून मरतोय."

त्याच थंडीत तुम्ही गेलात, स्मशानापर्यंत मी आलो होतो. नव्या सरांनी तुमच्या नमुन्यांच्या बरण्या फेकायला काढल्या, मी रागानं बाकडं उलटं केलं, त्यावरनं कॉलेज सुटलं. आता राजारामपुरीत मोबाईलच्या दुकानात बसतो. दुपारी सामसूम झाली की काउंटरच्या लाकडातनं तोच आवाज येतो. मी कान लावतो. तुम्ही मागं उभे आहात असं वाटतं, आणि मान वळवायचा धीर होत नाही.

ती मात्र शिकली. आज रत्नागिरीला चाललीय, तिथंच संशोधन करणार. मघाशी फोन आला, "काय रं, स्टँडवर येणार हायस की तिथंच चिकटून बसणार?"

"गिऱ्हाईक हाय."

"खोटं बोलू नको. पाचची गाडी हाय."

दुकानात चिटपाखरू नव्हतं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? एक सांगतो, सर. मनातलं मी तिला एकदाही बोललेलो नाही. तुम्हाला लिहीत बसलो की गाडी निघून जाईल आणि बोलायचं टळेल, म्हणून लिहीत होतो. अजून वेळ आहे. कागद इथंच ठेवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.