ओटीपी सांगितलेल्या बाईचे मृत्युपत्र

मी सत्यवती भैयालाल रामटेके, वय ७४, राहणार घमापूर, जबलपूर, टेलिफोन एक्स्चेंजची निवृत्त ऑपरेटर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. कारण मागच्या वर्षी एका ठगाला मी ओटीपी सांगितला, तेव्हापासून माझा मुलगा गुणवंत "मम्मी का दिमाग अब काम नहीं करता" म्हणतो आणि घर आत्ताच नावावर मागतो.

कलम १. ओटीपी का सांगितला, ते एकदाच लिहिते. बँकेतून बोलतो म्हणणारा तो माणूस आधी म्हणाला, "मावशी, जेवल्या का?" भैयालाल गेल्यापासून हे मला मराठीत कोणी विचारलं नव्हतं. आठवड्यात एक लाख चौऱ्याऐंशी हजार गेले.

कलम २. त्याचा पुन्हा फोन आला. खात्यात दमडी नाही म्हटल्यावर खरं बोलला. मी विचारलं, "काहून करून राहिला रे हे?"

"पगार बारा हजार, मावशी. टार्गेट नाही झालं तर तोही कापतात. मराठी येते म्हणून घेतलं मला. एकट्या म्हाताऱ्यांची यादी विकत भेटते. तुमचा नंबर आठ रुपयाचा."

पैशाचं दुःख आहेच, पण आठ रुपये? नर्मदेच्या तिलवारा घाटावर नारळ येत नाही त्यात! त्याच्या मालकाला दिलेल्या शिव्या इथे लिहीत नाही.

कलम ३. जुन्या नोकरीच्या सवयीने मी प्रत्येक कॉलची वेळ वहीत टिपते. ठग: एका आठवड्यात सहा कॉल, सत्त्याण्णव मिनिटं. गुणवंत, पुण्याहून: वर्षात नऊ कॉल, एकेचाळीस मिनिटं, त्यांतली तीस घराबद्दल. ज्याने वेळ घातला, त्याला मिळालं.

कलम ४. घर गुणवंतला द्यावे. मात्र आजपासून त्याने रोज फोन करून आधी जेवणाचं, तेही मराठीत, विचारलेलं असावं. वही हाच पुरावा. वही कोरी निघाल्यास घर बुद्धविहाराच्या वाचनालयाला. सोन्याची चेन सून मीराला, बिनशर्त. ती निदान "खाना खाया, मम्मीजी?" विचारते.

कलम ५. माझा मोबाइल माझ्यामागे वर्षभर चालू ठेवून गुणवंतने जवळ बाळगावा. नंबर यादीत आहे, फोन येणारच. "मावशी, जेवल्या का?" ऐकू आलं, तर कापू नये, शिवी देऊ नये. मराठीत सांगावं, "आई गेली." आणि वेळ वहीत टिपावी.

दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवून, चहा पाजून, त्यांच्यासमोर सही केली.

सत्यवती भैयालाल रामटेके

साक्षीदार: १. नारायणराव गजभिये, निवृत्त लाइनमन
२. शेवंता पुंडलिक मेश्राम, शेजारीण

जबलपूर, ११ मार्च २०२५